चित्रपटातले मामा

बर्लिन,
9 डिसेंबर 2024

तीर्थरूप आई आणि अप्पा यांना साष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे हे आधी लिहिते, म्हणजे पुढचे तुम्ही शांतपणे वाचाल. खोकला थांबला आहे, आईने दिलेला काळा मसाला अजून अर्धा डबा शिल्लक आहे आणि लोकरीचे मोजे मी घरातही घालते. दुपारचे चार वाजायच्या आत इथे सूर्य मावळतो, त्याची सवय व्हायला तेवढा वेळ लागला. बाकीचे फोनवर सांगतेच, ते पुन्हा लिहीत नाही.

माझ्या खिडकीखाली इतक्या रिकाम्या बाटल्या कसल्या, असे आईने मागच्या रविवारी विचारले आणि तेवढ्यात फोन तुटला. त्या पाण्याच्या आणि फळांच्या रसाच्या आहेत. इथे पाण्याची प्लास्टिकची बाटली घेतली की किमतीवर आणखी 25 सेंट, म्हणजे आपले साधारण बावीस रुपये, अनामत भरावे लागतात. रिकामी बाटली चेपायची नाही, तिच्यावरचा कागद फाडायचा नाही, तशीच दुकानातल्या यंत्राच्या गोल तोंडात आडवी ठेवायची. यंत्र ती गोल फिरवून चिन्ह वाचते, आत ओढून घेते आणि शेवटी एक चिठ्ठी देते, ती गल्ल्यावर दिली की पैसे परत मिळतात. बिअरच्या काचेच्या बाटलीला मात्र 8 सेंटच, कारण ती धुऊन पुन्हा भरतात. ज्यांना परत नेण्याचा कंटाळा येतो ते बाटली कचरापेटीत टाकत नाहीत, पेटीशेजारी उभी ठेवतात, म्हणजे वेचणाऱ्याला घाणीत हात घालावा लागत नाही. आमच्या कोपऱ्यावर एक आजोबा येतात. बाटली उचलली की आधी तिच्यातले उरलेले थेंब झाडाच्या बुंध्याशी झटकतात आणि मगच ती पिशवीत ठेवतात. मीही माझ्या बाटल्या महिनाअखेरीस नेते आणि त्या पैशांचा पाव आणते, पण त्यावरून माझी उपासमार होते असे आईने मनात आणू नये. इथे सगळेच नेतात.

आता अप्पांच्या प्रश्नाचे उत्तर. मामांवरच्या माझ्या चित्रपटाचा करार मी रागाच्या भरात मोडला नाही. आवाजाचे काम, रंगसंस्कार आणि उपशीर्षके यांचा खर्च इथल्या निर्मात्यांनी उचलायचा, असे ठरले होते आणि चित्रपट त्यांना मनापासून आवडलाही होता. मात्र सही करायच्या आठवड्यात त्यांनी शेवट बदलायला सांगितला. मामांनी कांद्याच्या चाळीत गळफास घ्यावा, असा शेवट त्यांना हवा होता. भारतातला शेतकरी म्हटले की इथल्या प्रेक्षकाला तेवढेच ठाऊक असते आणि त्याशिवाय चित्रपट विकला जाणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. याआधी चित्रपटाला पैसे देऊ पाहणाऱ्या मुंबईच्या गृहस्थांना दोन गाणी हवी होती, तेव्हा मी इतकी अडून बसले नव्हते, हे तुम्हाला आठवत असेल. गाण्याला माझा विरोध नव्हता. ते गृहस्थच नंतर मागे हटले.

आत्महत्या होत नाहीत, असे मी कशी म्हणेन? आपण दोन घरी भेटायला गेलो होतो आणि परतताना गाडीत कोणीही बोलले नव्हते. त्या घरांची गोष्ट कोणी जीव लावून सांगितली तर ती मी सर्वांत आधी पाहीन. पण ही गोष्ट मामांची आहे. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क बसले तेव्हा त्यांचा उन्हाळ कांदा चाळीतच होता आणि मी कॅमेरा घेऊन त्यांच्यासमोर बसले होते. खालच्या थरातल्या कांद्यांना पाणी सुटले होते, वास सहन होत नव्हता. मामा एकेक कांदा हातात घेत, देठाशी अंगठ्याने दाबून पाहत, मऊ लागला तर डावीकडे टाकत आणि चांगला असेल तर त्याची सुटी साल चोळून काढून उजवीकडे ठेवत. तासाभराने उजवीकडचा ढीग डावीकडच्यापेक्षा लहान निघाला. त्यांनी दोन्ही ढिगांकडे पाहिले, हात धुतले आणि मामींना विचारले, ‘उळे किती राहिले आहे गं?’ चित्रपट तिथे संपतो. तोटा डोळ्यांसमोर असताना पुढच्या बियाण्याची चौकशी करणारा माणूस मी प्रत्यक्ष पाहिला आहे. त्याला पडद्यावर फासावर चढवून त्याचे पैसे घ्यायचे आणि मग निफाडला जाऊन त्याच्या घरी जेवायला बसायचे, हे माझ्याने होणार नाही.

दादासाहेब फाळक्यांचेही भागीदारांशी पटले नाही आणि शेवटी नाशकात त्यांचे दिवस हलाखीत गेले, असे अप्पांनी लिहिले आहे. ते खरे आहे. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांच्या स्मारकात तुम्हीच मला प्रथम नेले होते. 1912 मध्ये विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला कॅमेरा आणायला गेले आणि परतल्यावर भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी वाटाण्याचे रोप कसे वाढते ते चित्रित करून दाखवले, हेही तुम्हीच सांगितले होते. 1918 मध्ये नाशिकला कंपनी निघाली, वाद झाले, ते काशीला निघून गेले, पण पुढे त्याच कंपनीत परतही आले. म्हणजे तडजोड त्यांनाही करावी लागली आणि मीही करते आहे. कपड्यांच्या जाहिरातींचे संकलन मी आठवड्यातून चार दिवस करते आणि त्यांना हवे तसे करून देते. त्या कामाची मला लाज वाटत नाही.

पैशांविषयी लिहायचे राहिले होते. निर्मात्यांकडून येणारा हप्ता आता येणार नाही, त्यामुळे जानेवारीत कर्ज फेडण्याचे जे कबूल केले होते ते जमणार नाही. कालच 35 हजार पाठवले आहेत. त्यांतून सोनेतारणाचे व्याज आधी भरावे आणि उरलेल्यातून अप्पांनी डोळ्यांची तपासणी पुढे न ढकलता करून घ्यावी.

थोरलीचे झाल्याशिवाय धाकट्याचे करायचे नाही, हा हट्ट आता सोडा. मुलीकडची माणसे भली आहेत आणि दोन वर्षे थांबली आहेत. फेब्रुवारीतला मुहूर्त धरा. तिकिटाचे पैसे जमले नाहीत तर मी नसेन, पण म्हणून तारीख बदलू नका. सिन्नरच्या स्थळाला मी नाही म्हटलेले नाही. हे काम मी सोडणार नाही एवढे त्यांना आधी स्पष्ट सांगावे आणि त्यानंतरही त्यांची इच्छा असेल तर मे महिन्यात आल्यावर मी अवश्य भेटेन.

मामा-मामींना नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद.

आपली,
थोरली

ता. क. – आई, लग्नात हात मोकळे दिसू नयेत म्हणून तू मावशीकडे बांगड्या मागितल्यास, हे मला धाकट्याने सांगितले. तू मात्र फोनवर पाटल्यांचा विषयसुद्धा काढला नाहीस. जानेवारीत मला आणखी एक काम मिळते आहे. दोन्ही नाही तरी एक पाटली मुहूर्ताआधी सोडवून घेता येईल एवढे पैसे मी पाठवते. मावशीला आत्ताच काही कळवू नकोस.