आबा, नावेला भोकं पाडली ती यासाठी

ती. आबा आणि सौ. माय,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आबा तुम्ही जे बोलले ना, "नावले भोकं पाडी टाकात? येडा व्हयना का तू?" ते अजून डोक्यातून जात नाहीये. गावातून कोणीतरी तुम्हाला कळवलं की पोराने चांगल्या फायबरच्या नावेला ड्रिल मशीनने भोकं पाडली, आणि तुम्ही तिकडे नाशिकला ताईकडे मोतीबिंदूचं ऑपरेशन करून डोळ्यात थेंब टाकत बसलेले, तर जीवाला घोर लागणारच. मी समजावायला गेलो पण तुम्हाला नीट ऐकू येईना, मी आवाज वाढवला तर तुम्हाला वाटलं मी चिडलो, आणि माय मधेच रडायला लागली. म्हणून आज निवांत बसून मोबाईलवर सगळं टाईप करतोय. भाचीला सांगा, थांबून थांबून वाच म्हणावं.

भोकं पाडली हे खरं आहे. पण तळाला नाही. आपण ज्या फळीवर उभं राहून जाळं ओढतो तो डेक, त्याच्या बरोबरीने दोन्ही बाजूच्या काठात पाडलीत, आणि बाहेरून बघितलं तर ती पाण्याच्या वर राहतात.

का पाडली ते सांगायचं तर एक गोष्ट सांगावी लागेल जी मी मागच्या नवरात्रापासून तुमच्यापासून लपवून ठेवलीये. माय, तू आता घाबरू नको, सगळे सुखरूप आहेत.

परतीचा पाऊस चालू होता तेव्हाची गोष्ट. हतनूर धरण भरलेलं, आणि चांगदेवच्या अलीकडे जिथे तापी-पूर्णा एक होतात तिथे पाणी किती पसरतं ते तुम्हाला मी काय सांगू. मी, काकाचा पोरगा आणि अजून दोघं जण. कटला मासा चांगला लागला होता, तीन क्रेट भरले होते. अचानक एदलाबाद म्हणजे मुक्ताईनगरकडून आभाळ काळं झालं आणि पंधरा-वीस मिनिटं असा पाऊस झोडपला की समोरचा माणूस दिसेना, वारा सुटला, लाटा काठावरून आत यायला लागल्या. डेकवर घोट्याइतकं पाणी झालं. आम्हाला काही वाटलं नाही कारण पाणी डेकवर होतं, खाली तळात नव्हतं, म्हटलं नाव काही बुडत नाही. मग जाळं ओढायला आम्ही चौघं डाव्या अंगाला झालो, आणि आबा, ते सगळं पाणी आमच्या मागे मागे डावीकडे आलं. नाव कलली ती परत सरळ होईचना. डावा काठ पाण्याला टेकला. काकाच्या पोराने कोयत्याने जाळं तोडलं, दोन क्रेट आम्ही पाण्यात ढकलून दिले, मी उजवीकडे उडी मारली.

या नावेला आधीपासून मोऱ्या होत्या, म्हणजे डेकवरचं पाणी बाहेर जायची भोकं, अगदी लहान, एक इंची, पण मागच्या मालकाने लाकडी खुंट्या ठोकून वरून एम-सील लावून बंद करून टाकल्या होत्या आणि आम्हीही तशाच ठेवल्या होत्या, कारण पाणी आत येतं ना त्यातून. त्या दिवशी मी वल्ह्याच्या दांड्याने एक खुंटी मारून मारून बाहेर काढली आणि त्यातून पाणी गळगळ करत बाहेर जायला लागलं तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. पण एवढ्याशा भोकातून जायला किती वेळ लागला! तोपर्यंत आम्ही दोघं डब्याने उपसत होतो आणि दोघं उजव्या काठाला लोंबकळत होते.

घरी येऊन मी हिशोब केला. डेक समजा दहा फूट लांब, चार फूट रुंद, त्यावर चार इंच पाणी, तर ते 370 लिटरच्या आसपास होतं. म्हणजे 370 किलो. पाच-सहा धट्टीकट्टी माणसं नावेत जास्तीची चढवली असं समजा. आणि माणूस निदान सांगितलं तर जागेवर बसतो, पाणी बसत नाही, ते जिकडे उतार तिकडे पळतं. माय, तुला हे आबांपेक्षा लवकर समजेल. नळाला पाणी नव्हतं तेव्हा तू डोक्यावर हंडा आणायची, काठोकाठ भरलेला हंडा गप्प चालतो आणि अर्धा भरलेला डुचमळतो, मान धरावी लागते. आणि तेच पाणी परातीत घेऊन चाललं तर? एका अंगाला जरा झुकली की सगळं त्याच अंगाला आणि सांडलंच. डेक म्हणजे ती परात आहे. जितकी रुंद तितकी वाईट. रत्नागिरीला मिरकरवाड्यात मी बोटीवर होतो तेव्हा तिथले म्हातारे खलाशी डेकवर पाणी थांबलं की शिव्या द्यायचे, मला वाटायचं पाय ओले होतात म्हणून देतात.

तुम्ही म्हणाल आम्ही इतकी वर्षं डब्याने उपसलं, काही झालं नाही. खरंय. पण तुमच्या लाकडी नावेला डेक नव्हता ना आबा. पाणी तळाला, खाली जायचं, तुमच्या पायाच्याही खाली. या फायबरला वरती डेक आहे त्यामुळे पाण्याचं वजन वर राहतं, आणि वरचं वजन नाव कलंडवतं. तिथे पाणी साठवायचंच नसतं, आल्या पावली बाहेर जायला पाहिजे.

आणि हे सगळं तुम्हीच मला शिकवलंय, तुमच्या लक्षात नसेल. आपलं जुनं धाब्याचं, मातीच्या सपाट छताचं घर आठवा. दर उन्हाळ्यात तुम्ही धाब्यावर खारी माती टाकायचे, हाताने चोपून उतार काढायचे, आणि पन्हाळाच्या तोंडाशी सगळ्यात जास्त वेळ बसायचे. मी विचारायचो एवढं काय करता, तर तुम्ही म्हणायचे धाबं पावसाने नाही पडत, साचलेल्या पाण्याने पडतं. एका वर्षी लिंबाच्या काड्या-पानं पन्हाळात अडकली होती आणि रात्रभर पाणी साचून मधल्या खोलीत माती पडली होती, तुम्ही अंधारात कंदील घेऊन वर चढले होते. मी डेककडे आता धाबं म्हणूनच बघतो. मोरी म्हणजे पन्हाळ. समुद्राकडे शिकलेली लोकं त्याला स्कपर म्हणतात.

आता काय काय केलं ते सांगतो.

पहिली गोष्ट ड्रिल नाही, खडू. नाव पाण्यात सोडली, चार माणसं, बर्फाची पेटी, भिजलेली जाळी, भरलेले क्रेट, डिझेलचा कॅन, सगळं चढवलं आणि बाहेरून जिथे पाणी लागतं तिथे चारी कोपऱ्यांना खुणा केल्या. तेव्हा कळलं मागच्या मालकाने खुंट्या का ठोकल्या. मशीन मागे, बॅटरी मागे, माशाची पेटी पण मागेच, त्यामुळे नाव मागून इतकी बसायची की मोऱ्या पाण्याखाली जायच्या आणि पाणी उलटं आत यायचं. त्याने वजन हलवायच्या ऐवजी भोकं बुजवली. मी बॅटरी आणि पेटी पुढे मधोमध आणली, परत वजन भरून बघितलं, तर मागचा भाग उचलला गेला आणि आता पूर्ण लोड असताना मोरीची खालची कड पाण्यापासून चार बोटं वर राहते. यापेक्षा कमी झाली तर मी माल घेत नाही, हे मी सगळ्या पोरांना बजावून ठेवलंय.

मग भोकं. इंची मोऱ्या मोठ्या करून अडीच इंची केल्या. दिसायला फार फरक नाही वाटत पण एका अडीच इंची भोकाचं तोंड एक-एक इंचाच्या सहा भोकांएवढं असतं, आणि बारीक भोक एका खवल्याने पण तुंबतं. मागे दोन आणि मधे दोन, कारण नाव चालताना मागून बसते मग पाणी मागेच येणार.

यात एक काम फार नाजूक होतं ते सांगतो, कारण गावातल्या माणसाने तुम्हाला फक्त ड्रिलचं सांगितलं, हे सांगितलंच नसेल. काठाला आतल्या अंगाने मजबुतीसाठी प्लायवुड घातलेलं आहे आणि वरून फायबर. नुसतं भोक पाडून सोडलं तर कापलेल्या कडेतून प्लायवुड पाणी पितं आणि दोन वर्षांत आतून कुजून भुसा होतो, बाहेरून पत्ता लागत नाही. म्हणून मी भोक आधी पाहिजे त्यापेक्षा मोठं पाडलं, आतलं प्लाय कडेने अजून अर्धा इंच कोरून काढलं, चार दिवस कडक उन्हात वाळू दिलं, मग रेझिनमध्ये पावडर कालवून बेसनाच्या पिठासारखं घट्ट करून ते पूर्ण भरून टाकलं, आणि ते दगडासारखं झाल्यावर त्याच्या मधोमध परत अडीच इंची भोक पाडलं. आता पाणी जातं ते रेझिनच्या नळीतून जातं, लाकडाला लागतच नाही. काकाचा पोरगा म्हणत होता ठिबकचा 63 एमएमचा पाईप पडलाय शेतात तोच ठोकू, फुकटचं काम. मी नाही म्हटलं. उघड्यावर पडलेला पीव्हीसी आपल्याकडच्या 45 डिग्रीच्या उन्हात कसा कडक होऊन तडकतो ते तुम्ही केळीच्या शेतात बघितलंच आहे, नावेत तडकला तर पाणी थेट गाभ्यात.

बाहेरून प्रत्येक मोरीवर ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून पडदा लावलाय, फक्त वरच्या बाजूने स्क्रूने पकडलाय. आतून पाणी आलं की उघडतो, बाहेरून लाट आली की चिकटतो. हा पडदा थोडं पाणी आत येऊ देतो हे खरं आहे, पण ते आलेलं लगेच परतही जातं.

नंतर काठावर आणून उताराची परीक्षा घेतली. डेक धुवायच्या मोटारीने पाणी सोडलं आणि उकिडवा बसून बघत राहिलो, केळीला बारं देताना पाणी कुठे अडतंय ते बघतो ना आपण तसं. तर पेटीच्या उजव्या बाजूला डबकं थांबत होतं. तिथे डेकवर एक आडवी पट्टी चिकटवलेली होती, तिने पाणी अडवलं होतं. तिला खालून दोन ठिकाणी दोन बोटं जाईल एवढी खाच केली आणि डबकं गेलं. मग मोऱ्या बंद करून पूर्ण चार इंच पाणी भरलं आणि एकदम उघडल्या. दोन मिनिटांच्या आत डेक मोकळा. त्याच्या आधी जुन्या इंची भोकांनी मोजलं होतं तर दहा मिनिटं झाली तरी कोपऱ्यात पाणी होतं. आबा, त्या नवरात्रात आमच्याकडे दहा मिनिटं नव्हती.

डेकच्या मधोमध एक उभी फळी पण टाकलीये, काढता-घालता येते. त्यामुळे पाणी किंवा सुटे मासे एका काठावरून थेट दुसऱ्या काठाला पळत नाहीत. मधे एकच आडोसा केला तरी पाण्याचा तो कलंडवायचा जोर पावपट राहतो, हे मला तिकडे फायबरच्या कारखान्यात एका मिस्त्रीने कागदावर काढून दाखवलं होतं. फक्त फळीच्या दोन्ही बाजूंना मोऱ्या पाहिजेत, नाहीतर एका बाजूला तलाव होतो.

तळाची गोष्ट वेगळी. डेकच्या खालच्या पोकळीत मोरीचं पाणी जात नाही, पण घाम म्हणा, झाकणाच्या फटीतून म्हणा, थोडं जमतंच. त्यासाठी झाकण ठेवलंय आणि हातपंप आहे, रोज सकाळी बघतो. मागचं बुच फक्त नाव काठावर ओढली की काढतो. पोरं म्हणतात बॅटरीचा ऑटोमॅटिक पंप लाव. लावेन पण त्याच्या भरवशावर राहणार नाही, वायर गंजली की तो गप्प बसतो.

आणि नाव रात्री पाण्यात बांधलेली असताना पाऊस आला तर, हा तुमचा प्रश्न होता ना? एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटरवर एक लिटर. आपल्या नावेची उघडी जागा सात चौरस मीटर धरा, एका रात्रीत 50 मिलिमीटर पडला तर 350 लिटर. खुंट्या ठोकलेली नाव सकाळी कललेली किंवा बुडालेलीच सापडली असती. परवा रात्री चांगला पाऊस झाला, पहाटे चार वाजता मी टॉर्च घेऊन गेलो, डेकवर नुसती ओल होती.

एकदाच फजिती झाली, तीही सांगतो. मासे झाकायला केळीची पानं वापरतो ना आपण, त्यातलं एक फाटकं पान जाऊन मागच्या डाव्या मोरीवर बसलं आणि पाणी थांबलं. लगेच दिसलं म्हणून ठीक. आता पानं बंद, ओलं गोणपाट वापरतो, आणि जाळं कधीच मोरीवर टाकायचं नाही. जलपर्णीचे तुकडे, कुरकुऱ्याच्या पुड्या, तंगूसचे म्हणजे नायलॉनचे दोरे, सगळं आधी हाताने काढायचं मग निघायचं.

तुमचा तेलाचा तिरपा कापलेला पत्र्याचा डबा नावेतच आहे. मोऱ्या झाल्या म्हणून तो काढलेला नाही, दोरीने बांधून ठेवलाय, पुढच्या झाकणाखाली.

आबा, मी तुम्हाला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. तुमचं बीपी वाढलं असतं, म्हणून बोललो नाही. पण लपवल्यामुळे तुम्हाला फक्त भोकं दिसली, त्यामागचा तो दिवस दिसला नाही, ही माझी चूक. माय, तू उपास वगैरे काही धरू नको, मी लाईफ जॅकेट घालतो, घातलं नाही तर काकाचा पोरगा नावेत बसू देत नाही.

मुक्ताईची पालखी गेली, पेरण्या झाल्या. डॉक्टरने हो म्हटलं की कानबाईच्या सणाला, रोटांना घरी या. ताईला म्हणावं थेंबाच्या बाटल्या आणि चष्म्याचा कागद बॅगेत आठवणीने टाक. आल्यावर मी नाव काठावर ओढून ठेवतो, तुम्ही स्वतःच्या हाताने बोट घालून चारही मोऱ्या बघा, आणि मागच्या उजव्या मोरीचा रबरी पडदा मला जरा जाड वाटतोय, तो बदलावा का ते सांगा.

तुमचा
लहाना