‘बेताची’ही मेंदूला सोसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लग्नसराई किंवा यात्रा आली की आपल्या खानापूर-बेळगाव भागात एक समजूत हमखास ऐकू येते: रोज एखादा पेग घेतला तर रक्त पातळ राहतं, अर्धांगवायू होत नाही. शिकलेली, पेन्शन घेणारी माणसंही हे ठामपणे सांगतात, म्हणून हे पत्र.

जुन्या काही पाहण्यांत न पिणाऱ्यांच्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले गेले. साहजिकच बेताने पिणारे धडधाकट दिसले. २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात चीनमधील सुमारे ५ लाख लोकांचा अभ्यास आला. तिथे अनेकांना जन्मतःच दारू सोसत नाही, म्हणून ते कमी पितात. या आनुवंशिक फरकावरून तुलना केली तेव्हा बेताच्या पिण्याचा तथाकथित फायदा उरलाच नाही. दारूबरोबर रक्तदाब आणि पक्षाघाताचा धोका दोन्ही चढत गेले.

मला खरी काळजी वाटते ती रक्तदाबाच्या गोळ्या चालू असताना ‘औषधापुरती’ घेणाऱ्यांची. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर तो पक्षाघात असू शकतो; मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाला बेळगाव गाठायलाच वेळ लागतो, आणि त्यात ‘चढली असेल, झोपू दे’ म्हणून घरचे थांबले तर उपचाराची संधीच जाते. आपल्या दैनिकाने इथल्या डॉक्टरांकडून यावर सविस्तर लिहून घ्यावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)