ऑक्सिमीटर कोणाच्या बोटांवर तपासला?

महोदय,

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना नीतिशास्त्राचा वेगळा पेपर हवा का, या प्रश्नावर एक उदाहरण देते. करोनात घरोघरी पल्स ऑक्सिमीटर आले. बोटातून लाल आणि अवरक्त प्रकाश पाठवायचा, हिमोग्लोबिन तो किती शोषते यावरून ऑक्सिजन मोजायचा, हे त्याचे तंत्र. त्वचेला सावळेपणा देणाऱ्या मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे हे मोजमाप चुकू शकते. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तात प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहूनही कमी ऑक्सिजन असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळले. म्हणजे धाप लागलेल्या माणसाला ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणून घरी पाठवण्याचा धोका! यंत्राच्या चाचण्या कोणत्या वर्णाच्या लोकांवर झाल्या, हे आपल्या सावळ्या मुलांनी नाही विचारायचे तर कोणी? त्यासाठी नीतिशास्त्राचा वेगळा पेपर नको. शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकातच हा प्रश्न घ्यावा.

– जीवशास्त्राची एक शिक्षिका, सातारा