महसुली तुटीची मुदत गेली कुठे?

महोदय,

अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशीचे तुमचे पान मी दरवर्षी कापून ठेवतो. सारी नोकरी हिशेब खात्यात गेल्याने जडलेली ही खोड. घरचे तिला रद्दी म्हणतात. परवा ही रद्दी वर्षवार लावताना केंद्र सरकारची महसुली तूट (चालू उत्पन्नापेक्षा चालू खर्च जितका जास्त, तितकी) संपवायच्या मुदतींखाली लाल पेन्सिलीने रेघा ओढत गेलो.

२००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्यात ही तूट शून्यावर आणायची मुदत होती ३१ मार्च २००८. पुढच्याच वर्षी ती २००९ झाली. २०१२ मध्ये ‘प्रभावी महसुली तूट’ असा नवा शब्द निघाला, म्हणजे मालमत्ता उभारण्यासाठी दिलेली अनुदाने वजा करून उरते ती. ती तरी २०१५ पर्यंत शून्यावर यायची होती, मग २०१८ पर्यंत. आणि २०१८ मध्ये हे उद्दिष्टच कायद्यातून वगळले! सरकारे दोन्ही बाजूंची होती, त्यामुळे एकालाच बोल लावता येत नाही.

रस्ते, धरणे यांसाठी कर्ज काढले तर माझी तक्रार नाही. महसुली तूट म्हणजे पगार, निवृत्तिवेतन, व्याज असल्या चालू खर्चासाठी काढलेली उसनवारी. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात ती ५.२४ लाख कोटी धरली होती. त्याच अंदाजपत्रकात व्याजाचा आकडा १२.७६ लाख कोटी, एकूण खर्चाचा चौथा हिस्सा. राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात काढायचे एकूण कर्ज, १५.६९ लाख कोटी. त्यातून व्याज वजा करा, तीन लाख कोटीसुद्धा उरत नाहीत. नवे कर्ज कशात जाते ते यावरून कळावे.

एक मात्र खरे. अन्नधान्याच्या अनुदानासाठी अन्न महामंडळाला अल्पबचत निधीतून कर्ज घ्यायला लावायचे आणि तूट कमी दाखवायची, ही वहिवाट २०२१ च्या अर्थसंकल्पात थांबवली. तेव्हा २०२०-२१ ची राजकोषीय तूट देशाच्या एकूण उत्पन्नाच्या (जीडीपीच्या) ९.५ टक्क्यांवर गेलेली दिसली. त्यात कोविडचा वाटा मोठा होता, तरी हा जुना हिशेबही होता. वाईट दिसणारा आकडा स्वतःहून वहीत घेणे सोपे नसते, हे मला हिशेबनीस म्हणून ठाऊक आहे.

माझी मागणी छोटी आहे. यंदाच्या आकड्यांच्या चौकटीत आणखी एक रकाना काढा आणि पाच वर्षांपूर्वी याच वर्षासाठी काय कबूल केले होते, ते त्यात छापा. कात्रणे लागली तर माझ्याकडे आहेत.

एक निवृत्त हिशेबनीस