बाबा, मी राजीनामा देणार नाही

नागपूर, १२ एप्रिल

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही परत राजीनाम्याचा विषय काढलात. तुमचा आवाज कापरा झाला की मला पुढे बोलवत नाही, म्हणून लिहिते. मी हॉस्पिटलातली नोकरी सोडणार नाही.

आई, मला झालेला एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, हा लकवा नाही, आणि तुझ्या हातून काही राहून गेलं म्हणूनही झालेला नाही. एमएस बहुतेक विशी ते चाळिशीत उमटतो, बायकांना जास्त. बाबा, तुम्ही लाइनमन म्हणून जन्म काढलात. सर्व्हिस वायरचं इन्सुलेशन जागोजागी सोललं की जे होतं, तेच माझ्या मेंदूत आणि मज्जारज्जूत होतंय. नसांवरचं आवरण शरीराचीच प्रतिकारशक्ती खरवडते. डावा डोळा धूसर झाला तो त्यामुळेच. स्टेरॉइडच्या सलाइननंतर तो लवकर सुधारला. आजार मुळापासून घालवणारं औषध अजून नाही, पण अटॅक कमी करणारी औषधं आहेत. मला रिटुक्सिमॅब चालू आहे.

उन्हाची तुमची धास्ती मात्र खरी आहे. अंग तापलं की दुखावलेल्या नसा आणखी मंदावतात, डोळ्यांपुढे धुकं येतं, पाय जड होतात. श्रमानंतर डोळ्यांपुढे येणारं असं धुकं डॉ. उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदवून ठेवलंय. अंग थंड झालं की ते निवळतं, नवी इजा होत नाही. ताप नसताना त्रास चोवीस तासांहून जास्त टिकला तर मी लगेच न्यूरॉलॉजिस्टना दाखवते. मेअखेरच्या कडक उन्हात, नवतप्यात, मी दुपारी रस्त्यावर नसते, ड्युटी सकाळचीच मागून घेतलीय.

रिटुक्सिमॅबमुळे संसर्गाची भीती असते, म्हणून आयसीयू सोडलं. आता मधुमेहाच्या ओपीडीत आहे. पायाची जाणीव शाबूत आहे का ते बघायला पेशंटच्या तळपायाला बारीक नायलॉनचा धागा टेकवून विचारते, "लागलं का?" बरेच जण लाजून 'हो' म्हणतात. माझीही बोटं बधिर असतात, त्यामुळे तो खोटा 'हो' मला लगेच ओळखू येतो. मग मी त्यांना डोळे मिटायला सांगून पुन्हा तपासते. हे काम माझ्याकडून काढून घेऊ नका.

आणि पगाराचं म्हणाल तर, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये एमएसचं नाव आहे. सेवेत असताना अपंगत्व आलं तर सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, खालच्या पदावरही टाकता येत नाही. एखादं काम झेपेनासं झालं तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यावं लागतं.

आई, मावशीला 'डोळ्यांचं ऑपरेशन झालं' असं सांगत जाऊ नकोस. माझ्या लग्नाचं कुणी विचारलं तर आजाराचं आधी सांग. ते ऐकूनही जो मागे हटणार नाही, त्याच्याशी मी बोलेन.

पहिला पाऊस पडला की दोघंही या. बाबा, पुढच्या तपासणीला माझ्यासोबत चला, मनात आहे ते सगळं डॉक्टरांनाच विचारा. येताना जवसाची चटणी आणा.

तुमची,
नंदा