मुख्याधिकारी साहेब, माझ्याच दारात मला पाचशेचा दंड

विषय: रहिवासी पार्किंग पास योजना व त्यापायी मला आलेले चलान

मा. मुख्याधिकारी साहेब यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या मंगळवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास मोबाईल वाजला. मला वाटलं पेन्शन जमा झाली. उघडून पाहतो तर ई-चलान. गुन्हा नो पार्किंग, रक्कम 500 रुपये. सोबत फोटो. फोटोत माझी ॲक्टिव्हा, तिच्या मागे माझं घर, ओट्यावर आमच्या घरच्यांनी वाळत घातलेल्या मुगवड्या. पुरावा एकदम पक्का.

आता ही गाडी तिथं का होती ते सांगतो. माझ्या फाटकासमोर सकाळी साडेनऊपासून एक बोलेरो उभी होती. कोणाची, देव जाणे. म्हणून मी ॲक्टिव्हा चार पावलं पुढे, तुमच्याच कार्यालयानं लावलेल्या बोर्डाखाली ठेवली. बोर्डावर लिहिलं होतं, 'नो पार्किंग, फक्त रहिवासी पासधारकांसाठी'. होतं म्हणतो, कारण खालच्या ओळीवर कुण्या भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला आहे. उरलं ते नुसतं 'नो पार्किंग'. पोलीस आला, बोर्ड वाचला, बोर्डाखालच्या एकमेव गाडीचा फोटो काढला आणि गेला. त्या गाडीवर तुमचं हिरवं स्टिकर आहे, पास क्रमांक 17. बोलेरो बोर्डापासून लांब, ती सुटली.

साहेब, हा पास मला फुकट मिळालेला नाही. मागच्या दिवाळीआधी तुमच्या सभागृहात बैठक झाली, तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "गुरुजी, दोन महिन्यांत तुमच्या लेआउटमध्ये बाहेरची एक गाडी दिसणार नाही." आम्ही टाळ्या वाजवल्या. 64 घरांनी दोनशे-दोनशे भरले. 12,800 रुपये झाले. पावत्या आहेत.

चलान घेऊन मी ठाण्यात गेलो. तिथला माणूस भला होता, खुर्ची दिली. म्हणाला, "गुर्जी, हे स्टिकर नगरपरिषदेचं हाये. आमच्याकडे याचा कागदच नाही आला." कागदच नाही! मग अडुसष्टाव्या वर्षी मी मोटार वाहन कायदा, 1988 वाचायला घेतला. कलम 117 म्हणतं की पार्किंगची जागा ठरवायचा अधिकार राज्य शासनाचा, नाहीतर शासनानं ज्याला तो दिला त्याचा, आणि तोही स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून. म्हणजे आधी वरून आदेश निघायला पाहिजे, मग बोर्ड, मग स्टिकर. तुम्ही सुरुवात पावतीपासून केली. आदेशाची फाईल गेली तरी का, हे तुमच्या बाबूंना तीनदा विचारलं. पहिल्यांदा साहेब मीटिंगला, दुसऱ्यांदा बाबू रजेवर, तिसऱ्यांदा लाईन गेलेली.

आमच्या गल्लीचं वर्णन ऐका. नकाशात रस्ता नऊ मीटरचा. प्रत्यक्षात सतरा-अठरा फूट उरला, कारण प्रत्येकाचा ओटा पुढे आला आहे. माझाही दोन फूट पुढे आहे, लपवत नाही. तोडायचा असेल तर माझ्यापासून सुरुवात करा. त्या अठरा फुटांत परवा मी गाड्या मोजल्या. चारचाकी 41. की 43, एक पिकअप दोनदा मोजली असेल. आमच्या स्वतःच्या त्यात नऊ.

या गाड्या कोणाच्या? बाजाराला आलेल्या शेतकऱ्याशी माझं भांडण नाही. तो बिचारा मोटरसायकलवर येतो, कृषी केंद्रातून खताची बॅग घेतो, तासाभरात जातो. रोज दहा ते सहा उभ्या असतात त्या बँकेतल्यांच्या, सरकारी कचेऱ्यांतल्यांच्या, पॅथॉलॉजीवाल्याच्या, क्लासवाल्याच्या. हॉर्न वाजवून थकलो की चौकशी करावी लागते. एकदा एकाला बोललो तर म्हणतो, "काऊन बोंबलून रायले गुर्जी, रोड काय तुमच्या बापाचा हाये?" नाही बुवा. बापाची पाच एकर कोरडवाहू होती. ती विकूनच हा प्लॉट घेतला.

सिलिंडरवाला आता चौकातच सिलिंडर उतरवतो. दोन्ही गुडघे गेलेला माणूस मी, ते टाकं गडगडवत घरी आणतो. पावसाळ्यात शेजारच्या आजी वारल्या. तिरडी दोन गाड्यांच्या मधून निघेना. खांदेकऱ्यांनी ती डोक्याच्या वर उचलून, पाय घसरत, बोनेटला हात टेकत बाहेर काढली. एका गाडीचा सायरन वाजायला लागला, तो आजी चौकात पोचेपर्यंत वाजतच होता. तान्ह्या पोळ्याला लेकरं लाकडी बैल घेऊन निघाली तर त्यांनाही वाट नाही. एका पोरीच्या बैलाचं चाक टायरखाली गेलं. मी चाळीस वर्षं लेकरांना शिकवलं, पण त्या दिवशी तिला काय सांगावं ते सुचलं नाही.

मुळात हे झालं कसं? विकास आराखड्यात बाजाराच्या मागं पार्किंगचं आरक्षण होतं. तिथं आज गाळे आहेत. मेन रोडवरच्या कॉम्प्लेक्सला परवानगी देताना तळघरात पार्किंग दाखवलं होतं. तळघरात आज खताचं गोदाम आहे. हे मला दिसतं, घंटागाडीवाल्याला दिसतं, फक्त तुमच्या बांधकाम विभागाला दिसत नाही.

माझा भाचा अमेरिकेत व्हर्जिनियात असतो. तिथल्या आर्लिंग्टनमध्ये हेच दुखणं होतं. शेजारच्या क्रिस्टल सिटीतल्या कचेऱ्यांचे लोक रहिवाशांच्या गल्ल्यांत गाड्या लावून कामाला जायचे. तिथल्या कौंटीनं रहिवाशांना पास दिले, पाहुण्यांची आणि घरी कामाला येणाऱ्यांचीही सोय ठेवली. बाहेरचे कोर्टात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं आणि 1977 साली न्यायालय म्हणालं, पास चालतील. भाचा फोनवर हसत होता, "मामा, तिथं आधी नियम केला, मग स्टिकर छापलं." आपल्याकडे 2025 साली परिवहन मंत्र्यांनी जाहीर केलं की पार्किंगची जागा दाखवल्याशिवाय नवीन गाडीची नोंदणी नाही. वाचून मला हसू आलं. जागा दाखवायला काय, लोक माझं फाटक दाखवतील!

चार वर्षं आम्हाला नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. तेव्हा सांगायचे, निवडणूक होऊ द्या. झाली. आता सांगतात, निधी येऊ द्या. निधी कुठून येतो आणि कुठं जातो हे विदर्भाला शिकवायची गरज नाही. विदर्भाला निधीत न्याय्य वाटा द्यायचं वचन देणारा 1953 चा नागपूर करार आम्ही शाळेत पाठ केला. 1984 मध्ये दांडेकर समितीनं अनुशेष, म्हणजे कोणता भाग विकासात किती मागं राहिला ते, मोजून दिला. तो भरून निघतो का ते पाहायला वैधानिक विकास मंडळ होतं, त्याची मुदत 2020 च्या एप्रिलमध्ये संपली. दर हिवाळ्यात नागपुरात अधिवेशन भरतं, मोर्चे येतात, पोलीस येतात, संत्री खाऊन सगळे परत जातात. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग झाला, नागपूरहून मुंबई आठ तासांत म्हणतात. माझ्या फाटकापासून चौक दीडशे पावलं आहे. बाजाराच्या दिवशी ॲक्टिव्हा तिथवर न्यायला मला वीस मिनिटं लागतात. हा अनुशेष कोणत्या समितीकडे नेऊ?

विषय सोडून बोललो, माफी असावी. मागणं मोठं नाही. आदेशाचा प्रस्ताव पाठवा आणि जावक क्रमांक मला कळवा. तळघरातलं खत बाहेर काढा. फ्लेक्स सोडा, भाऊंचा वाढदिवस होऊन सात महिने झाले. नाहीतर आमचे 12,800 परत करा, त्यातून माझं चलान भरून उरलेल्यात आम्ही एक साखळी आणि दोन खांब घेऊ.

चलान मी भरलेलं नाही. दुसऱ्यांदा सापडलो तर पंधराशे पडतात म्हणे, म्हणून ॲक्टिव्हा सध्या ओट्यावर चढवून ठेवली आहे, मुगवड्या आत घ्याव्या लागल्या. येत्या मंगळवारी पाहणीला यावं ही विनंती. चहा मांडून ठेवतो. गाडी मात्र चौकातच लावून चालत या, आत जागा मिळणार नाही.

आपला,
पास क्रमांक 17, दुचाकी