इंदूरच्या रामबागेतल्या काकूंना, चष्मा काढून बघितल्याबद्दल

ती. काकू,
सा. न. वि. वि.

तुमचे आभार मानायला समोर आले की तुम्ही "पोहे घे गं" म्हणता आणि विषय मिटवता. शिलाईचे पैसेही अर्धेच घेतलेत. म्हणून हे पत्र असं उघड, सगळ्यांसमोर. सून वाचून दाखवील तेव्हा मध्येच "पुरे आता" म्हणून मोबाइल बाजूला करू नका, एवढंच.

भाच्याच्या मुंजीची आदली संध्याकाळ आठवते ना? माझी नवी माहेश्वरी, करड्या रंगाची, अंगभर बारीक रेघा, मरून काठावर चटईची नक्षी. ब्लाउज दुसरीकडे शिवायला टाकला होता. आणायला गेले तर बाही वीतभर आखूड आणि काखेत इतका घट्ट की अक्षता टाकायला हात वर गेला असता तर शिवण तरी उसवली असती नाहीतर मी तरी. साडीतलं पीस तर त्यातच संपलेलं. मग सीतलामाता बाजार. साडीचा काठ दुकानदारांच्या नाकासमोर धरून मरून टू बाय टू रुबिया मागत फिरले. एक विटकरी निघायचा, पुढचा वांगी. सहा दुकानं झाली. रडकुंडीला येऊन रात्री आठला तुमच्या दारात उभी राहिले.

तुम्ही साडीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. मशीनखालची उरलेल्या तुकड्यांची पिशवी ओढलीत आणि त्यातून बाग प्रिंटचा, म्हणजे धारकडच्या ठशांच्या छपाईचा, पाऊण मीटर काढून माझ्या निऱ्यांवर टाकलात. पांढऱ्यावर लाल-काळी फुलं. मी किंचाळलेच, "काकू, रेघांवर फुलं? लोक काय म्हणतील!" तुम्ही शांतपणे चष्मा काढलात, उठून दारापर्यंत गेलात आणि तिथून बघितलंत.

"माझा नंबर मोठा आहे," म्हणालात. "चष्मा काढला की मला फुलं दिसत नाहीत आणि रेघाही दिसत नाहीत. नुसते रंग दिसतात. ते भांडत नाहीयेत. तू पण ये इकडे, डोळे बारीक कर."

मी आले, केले. आणि खरंच, काठाचा मरून आणि फुलांचा लाल एका घरातले वाटायला लागले. काळी फुलं करड्यात बुडून गेली. रेघांचं तर नावच नाही. "रेघांना स्वतःचं काही म्हणणं नसतं," तुम्ही म्हणालात, "त्या कुणाशीही जमवून घेतात." रात्री साडेदहाला ब्लाउज हातात होता, हूक लावलेला.

मुंजीत तीन जणींनी विचारलं, कुठल्या बुटीकचा. मी सांगितलं नाही. (तेव्हा नाही सांगितलं, म्हणून आज सांगते आहे.)

नंतर आले ती निमित्त काढून काढून. तुम्ही धारच्या, त्यामुळे बाग प्रिंटचा विषय निघाला की तुमचं माहेर बोलायला लागतं. बाग गाव धार जिल्ह्यातलंच. तुरटीचा ठसा मारलेल्या जागी, कापड अलिझरिनच्या रंगात उकळल्यावर, लाल उठतो, लोखंडाच्या गंजातून काळा येतो, आणि बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात कापड धुतात, हे सगळं तुमच्याकडून ऐकलं. पण त्यावरून तुम्ही जे काढलंत ते मला कोणी सांगितलं नव्हतं. बाग प्रिंटमध्ये मुळात लाल आणि काळा, दोनच बोलणारे. त्यामुळे तिसऱ्याला जागा असते. सहा रंगांच्या डिजिटल प्रिंटशेजारी दुसरं काही ठेवलं की मासळीबाजार होतो. त्याच्याबरोबर साधंच घालावं.

आमच्या पिढीच्या डोक्यात मॅचिंग इतकं घट्ट बसलेलं की मला वाटायचं, हे प्रिंटवर प्रिंट म्हणजे इन्स्टाग्रामवाल्या मुलींचे चाळे. तुम्ही एका वाक्यात ते उतरवलंत. "तुझी आजी काय मॅचिंग सेंटरला जायची?" घरी जाऊन आजीचा जुना फोटो काढला. चौकड्यांचं इरकल लुगडं आणि खणाची चोळी. चौकडे एकीकडे, खणाची बुट्टी दुसरीकडे, चोळीचा काठ तिसराच. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही आणि आजी फोटोत अशी बसली आहे की जणू सगळं तिनेच विणलंय. लुगडं इलकलचं, खण गुळेदगुड्डचा, आणि दोन्ही आजीच्या अंगावर पन्नास वर्षं सुखाने नांदले. मॅचिंगच्या नादाला लागली ती आमच्या आयांची पिढी. त्यांचा दोष नाही. रुबियाचे शंभर रंग दुकानात एकावर एक रचलेले दिसायला लागले की कोण थांबेल?

माझ्या चुकाही इथेच लिहिते, नाहीतर वाचणाऱ्यांना वाटेल मी एका रात्रीत शिकले. उज्जैनच्या भैरवगढच्या लाल बाटिकच्या (मेण लावून रंगवलेल्या कापडाच्या) कुर्त्यावर बाग प्रिंटची लाल ओढणी घेऊन ऑफिसला गेले. दोन्हीकडे लाल, दोन्हीकडे साधारण आवळ्याएवढी फुलं. आमचे हे म्हणाले, "कपडे घालताना लाइट गेली होती का?" तुम्ही बघितलंत आणि म्हणालात, "दोघी सवती आहेत गं. सारख्या मापाच्या. एक मोठी कर नाहीतर एक धाकटी." मग त्याच कुर्त्यावर मोहरीएवढ्या ठिपक्यांची ओढणी आली आणि बाटिकमध्ये मेण तडकून रंग शिरल्याने जे बारीक तडे उठतात ते पहिल्यांदा डोळ्यात भरले. इतके दिवस ते फुलांच्या गर्दीत हरवले होते.

दुसरी चूक पांढऱ्याची. ही मला अजूनही सगळ्यांत अवघड वाटते. दोन प्रिंट, मापं वेगळी, निळा रंग एकच, सगळं तुम्ही सांगितल्यासारखं, आणि तरी काहीतरी जचत नव्हतं. तुम्ही दोन्ही कापडं खिडकीपाशी धरलीत. एकाची जमीन, म्हणजे नक्षीमागचा मूळ रंग, निळीत बुडवलेली पांढरीशुभ्र, दुसऱ्याची दुधाच्या सायीसारखी. शेजारी ठेवली की सायीचं कापड मळकट दिसतं. ते कापड बिचारं स्वच्छच होतं. तेव्हापासून प्रिंट बघण्याआधी मी त्याची जमीन बघते. कापड घेताना दुकानाच्या ट्यूबलाइटवर विश्वास ठेवत नाही, दाराशी उन्हात नेते. एम. टी. क्लॉथ मार्केटमधला एक दुकानदार आता मला बघितलं की आधीच ठाण दारात नेऊन ठेवतो.

माझा नंबर अजून लागलेला नाही, म्हणून चष्म्याची युक्ती मला चालत नाही. मी फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करते. रंग गेले की गडद-फिका उरतो. दोन्ही सारखेच करडे दिसले तर त्यातलं एक बदलते. तुम्हाला दाखवलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "एवढं कशाला, माझा चष्मा घाल ना." घातला होता. चक्कर आली.

काकू, आता माझं कपाट वाढलेलं नाही. उलट यंदा रंगपंचमीच्या गेरला, रंग उधळत निघणाऱ्या आपल्या मिरवणुकीला, काय खराब करायचं हे शोधताना लक्षात आलं की टाकाऊ असं काही राहिलंच नाही. वरचा एक, खालचा दुसरा, ओढणी तिसऱ्याच सेटची, असे जुनेच आठ-दहा कपडे फिरून फिरून येतात. सेट फोडायला मला फार वेळ लागला. पैसे देऊन जोडीने घेतलेली वस्तू वेगळी करताना हात अडतो. तो अडलेला हात तुम्ही सोडवलात. त्यासाठी, आणि त्या रात्री भात गॅसवर तसाच ठेवून मशीनवर बसलात त्यासाठी, मनापासून आभार.

ब्लाउजचे उरलेले अर्धे पैसे पाकिटात घालून आणते. घेणार नाही म्हणालात तर सुनेच्या हातात देईन.

आणि हो, त्या निळ्या बाटिकला राखाडी रेघांची सलवार लावली आहे. ओढणी ठरत नाही. शनिवारी दुपारी चार-पाच घेऊन येते. चष्मा काढून ठेवा.

तुमची,
पोहे न संपवता पळणारी